नालोंगोच्या मातीला

“आन् चड्ड्यास्नीबी?” आत्यांनी विचारलं.

“चड्ड्यांनासुद्धा,” मी म्हटलं. “दोन्ही बाजूंनी. शिवणीवरून तर दोनदा.”

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आदल्या दिवशी त्या इस्लामपूरहून युगांडात, आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत येऊन पोचल्या होत्या. दिरांच्या घराचं बांधकाम चालू होतं, म्हणून सहा महिने आमच्याकडे. मी त्यांना तिथे कसं राहायचं ते शिकवत होते. वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांवर तिथली एक माशी अंडी घालते. तो कपडा तसाच अंगात घातला की अळी कातडीत शिरते आणि आठवड्याभराने गळवातून बाहेर येते. म्हणून रुमालापासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळं कडकडीत इस्त्री करायचं. पाणी वीस मिनिटं उकळायचं. हिवतापाची गोळी दर रविवारी जेवणानंतर घ्यायची.

“आणि तो खिडकीतला निळा कप नामुलीचा. तो आपल्या कपांत मिसळायचा नाही.”

“त्यो कशापायी येगळा?”

“इथे सगळ्यांकडे असंच असतं, आत्या.”

हे वाक्य माझं नव्हतं. ते दप्तरदारबाईंचं होतं. कॉलनीत आम्ही अकरा मराठी कुटुंबं होतो आणि त्या अकरा घरांत दोन शब्द बोलावेत असं माणूस एकही नव्हतं, मला धरून. सगळे डॉलरसाठी आलेले. ज्या देशाचा पगार खात होतो त्या देशाला नावं ठेवणं हा आमचा जोडधंदा होता. बायकांचं भगिनी मंडळ होतं आणि जनरल मॅनेजरची बायको म्हणून दप्तरदारबाई त्याच्या अध्यक्ष. पुण्याच्या. आफ्रिकेत चौदा वर्षं काढून त्यांना तिथल्या भाषेतले चार शब्द येत होते: आण, ठेव, पूस आणि उद्या. एवढ्यावर त्या आम्हाला त्या देशाविषयी व्याख्यानं द्यायच्या आणि आम्ही माना डोलवायचो.

“मयताची सुट्टी कधी द्यायची नाही,” त्या सांगायच्या. “माझ्या कुकच्या मागच्या वर्षात तीन आया मेल्या. मी विचारलं, बाबा रे, तुला आया तरी किती?”

सगळ्या खो खो हसायच्या. माझ्या नवऱ्याला स्वतःला दोन आया होत्या, एक आई आणि एक थोरली आई. चुलतीला आमच्याकडे तसंच म्हणतात. तरी मी तिथे बसून सगळ्यांच्या वरचढ हसले.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचा सुमार होता. त्या वर्षांत तिथे खरंच दर आठवड्याला कुणी ना कुणी मरत होतं. तरणीताठी माणसं वाळून वाळून जात होती. त्या रोगाचं नाव आम्हाला पक्कं माहीत होतं. त्यावर आम्ही काय केलं, तर कप वेगळे केले.

नामुली आमच्याकडे धुणंभांडी आणि ती अवाढव्य इस्त्री करायला यायची. तिशीची, बांधेसूद, कामाला वाघ. सकाळी दारात आली की दोन्ही गुडघे जमिनीला टेकून मान लववायची आणि मग उठायची. पहिल्या दिवशी मी सुखावले होते. सांगलीत शाळामास्तरणीला कोण एवढा मान देतं! मला वाटलं, साहेबाच्या बायकोपुढे हे लोक असंच करतात. पुढे बाजारात पाहिलं तर ती भाजीवाल्या म्हातारीपुढेही तशीच गुडघे टेकत होती. वडीलधाऱ्यांना नमस्काराची ती त्यांची रीत होती, आपण वाकतो तशी. तेव्हापासून मला तो नमस्कार आवडेनासा झाला.

आत्यांपुढे तिने पहिल्यांदा गुडघे टेकले तेव्हा आत्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “औक्षवंत व्हं बाई. किती लेकरं तुला?” नामुलीला काय कळलं देव जाणे, पण तिने तीन बोटं दाखवली.

तिसऱ्या आठवड्यात नामुली माझ्याकडे मोडक्या इंग्रजीत सुट्टी मागायला आली. शेजारी कुणीतरी गेलं होतं.

“दोन तास,” मी म्हटलं. “त्याच्यावर एक मिनिटही नाही.”

“काय म्हनती?” आत्यांनी विचारलं.

“कुणीतरी मेलंय तिच्या शेजारचं.”

“मंग तू न्हाई जानार?”

“मी?” मला हसू आलं. “कामवालीच्या शेजाऱ्याच्या मयताला? आपल्याला कुणी बोलावलंय?”

“मातीला बोलावनं लागतंय व्हय?” आत्या म्हणाल्या, डोक्यावर पदर घेतला, वहाणा घातल्या आणि नामुलीच्या मागून निघाल्यासुद्धा.

आमच्या भागात पुरोत की जाळोत, अंत्यविधीला जाण्याला मातीला जाणंच म्हणतात. लग्न चुकलं तर चालतं, माती चुकवायची नाही. पण ते इस्लामपुरात. नऊवारी लुगडं नेसलेली, मशेरीने दात काळे झालेली माझी सासू दोन मैल उसातून चालत परक्या माणसाच्या मातीला गेली, चटईवर तीन तास बसली आणि संध्याकाळी पायांना तांबडी धूळ घेऊन घरी आली. मागच्या दारी पाय धुतले, अंघोळ केली आणि मला म्हणाली, “लई रडली त्येची आई बिचारी. तरना पोर गेला.”

मग हे नेहमीचंच झालं. पुढच्या दोन महिन्यांत त्या पाच मातींना गेल्या. लोक त्यांना जाज्जा म्हणायला लागले. जाज्जा म्हणजे आजी.

ही आजी कोण आहे ते बघायला एक दिवस नामुलीची आई आली. तिचे धाकटे दोन मुलगे जुळे होते आणि जुळ्यांच्या आईला तिथे नालोंगो म्हणून मोठा मान असतो. तर ही नालोंगो डोक्यावर हिरव्या केळ्यांचा घड घेऊन मागच्या दारी आली. साठीची, वाळकी, डोळ्यांत मिस्कील भाव. दोघी पायरीवर बसल्या. एकीला दुसरीचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघी अखंड बोलत होत्या. आत्यांनी मशेरीची डबी पुढे केली. नालोंगोने ती चाखली, थू थू करून थुंकली आणि दोघी पोट धरधरून हसल्या. मग तिने कमरेच्या कापडाच्या गाठीतून वाळलेलं कॉफीचं फळ काढलं, फोडलं, आतली एक बी स्वतःच्या तोंडात टाकली आणि दुसरी आत्यांना दिली. आत्यांनी ती चावली.

“आता झालं,” नामुली मला म्हणाली. “एका फळातल्या बिया खाल्ल्या. आता त्या बहिणी.”

“हो का,” मी म्हटलं, “मग बहिणीला म्हणावं, जाताना केळ्यांची सालं उचलून ने.”

नालोंगो आठवड्यातून दोनदा येऊ लागली. दोघी शेंगा फोडत बसायच्या. आत्या तिच्याशी दिरांच्या बांधकामाविषयी बोलायच्या, ती कशाविषयी बोलायची ते तिलाच ठाऊक. युगांडात वर्षभर दिवस-रात्र सारखेच, थंडी नाही, उन्हाळा नाही. मला ते कॅलेंडर खायला उठायचं. आत्या मात्र त्या देशात अशा रुळल्या, जणू शेजारच्या गावी लेकीकडे आल्या होत्या. मला त्याचा राग यायचा. मी तिथे पावणेतीन वर्षं काढली होती आणि मला अजून कुणी कुठल्या नावाने हाक मारत नव्हतं.

मंडळात बातमी पोचायला वेळ लागला नाही.

“शैलजा, तुमच्या सासूबाई अगदी लोकल झाल्या म्हणे,” दप्तरदारबाई म्हणाल्या. “गुडघे टेकायला शिकल्या की सांगा हं, आम्ही बघायला येऊ.”

पुन्हा सगळ्या हसल्या. आमचा करार मार्चमध्ये संपत होता आणि तो पुढे वाढवायचा की नाही हे दप्तरदारसाहेब ठरवणार होते, म्हणजे बाई ठरवणार होत्या. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, “तूच बोल आईशी.” माझा नवरा कारखान्यात चीफ केमिस्ट होता. घरात त्याचं तोंड फक्त जेवायला उघडायचं.

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाची पाळी माझी होती. मंडळाच्या अकराजणी, शिवाय गुजराती, तमीळ मिळून पंचवीस बायका आणि मधोमध दप्तरदारबाई. मी पंधरा दिवस आधीपासून तयारीला लागले होते. कंपाल्याहून तीळ आणवले होते. वाणाला प्लास्टिकच्या गाळण्या आणल्या होत्या, पंचवीस, पाच रंगांत.

संक्रांतीला सकाळी सात वाजता पुढचं दार वाजलं. हे सहाच्या पाळीला गेले होते. दारात नामुलीचा भाऊ वासवा उभा होता, जुळ्यांतला थोरला, कारखान्यात फिटर. सायकल कडेला टेकवलेली, डोळे लाल.

“मॅडम, आई काल संध्याकाळी गेली,” तो म्हणाला. “आज दोन वाजता पुरायचं आहे. जाज्जाला सांगा. ती बहीण आहे, तिला यायलाच हवं.”

आत स्वयंपाकघरात आत्या पाटावर बसून वड्या थापत होत्या. मला पोळपाटावर लाटणं फिरल्याचा आवाज ऐकू येत होता.

“सांगते,” मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

“कोन हुतं गं?”

“नामुलीचा भाऊ. नामुलीला ताप आलाय. ती येणार नाही आज.”

“अगं बाई. मंग मी बघून येती जाऊन.”

“आज नको, आत्या. पंचवीस बायका येणार, आता नामुलीपण नाही. मी एकटी काय काय करू? उद्या जा.”

“व्हय, ते बी खरंच,” त्या म्हणाल्या आणि परत वड्या थापायला लागल्या.

एवढंच. इतकं सोपं होतं ते. मला दोन हातांचं काम हवं होतं, हे खरं. मयताहून आलेलं माणूस हळदीकुंकवाच्या घरात नको होतं, हेही खरं. पण सगळ्यांत खरं म्हणजे कामवालीच्या आईच्या मातीला माझी सासू उसातून चालत निघाली आहे आणि वाटेत दप्तरदारबाईंची गाडी तिच्या शेजारून जाते आहे, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं.

आत्यांनी त्या दिवशी वड्या केल्या, घर झाडलं, ढीगभर भांडी घासली. कामं आवरल्यावर, तीनला, मी त्यांना मागच्या खोलीत बसायला सांगितलं. त्या विधवा होत्या, त्यामुळे कारण द्यावंच लागलं नाही. दोन वाजता मी घड्याळाकडे बघितलं होतं, हे मात्र मला चांगलं आठवतं. तेव्हा मी गाळण्या रंगांप्रमाणे लावत होते.

चार वाजता दप्तरदारबाई आल्या. पंख्याखालची खुर्ची धरून बसल्या, तीन वड्या खाल्ल्या.

“काय खुसखुशीत झाल्यात! कुणी केल्या?”

“मीच,” मी म्हटलं.

“मिस्टरांना सांगितलंय मी,” त्या माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “खराड्यांच्या कराराचं बघा म्हणून.”

जाताना त्यांनी हिरवी गाळणी नको, लाल द्या म्हणून बदलून घेतली.

दुसऱ्या दिवशी आत्या नामुलीकडे निघाल्या तर मी म्हटलं, साथीचा ताप आहे, इतक्यात नको. तिसऱ्या दिवशी नामुली स्वतःच मागच्या दारी आली. कमरेला सुतकाची, झाडाच्या सालीच्या कापडाची पट्टी गुंडाळलेली. तिने गुडघे टेकले नाहीत. मला नाही आणि आत्यांनाही नाही.

आत्यांनी पुढे होऊन तिच्या कपाळाला हात लावला. “उतरला का गं ताप?”

नामुलीने तो हात बाजूला केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “जाज्जा का आली नाही? आम्ही चार वाजेपर्यंत थांबलो. बहिणीचं कापड आल्याशिवाय आईला गुंडाळायचं नाही, असं काका म्हणत होता. उन्हात दोन तास तिला तशीच ठेवली. लोक रस्त्याकडे बघत होते. शेवटी काका म्हणाला, ही बहीण खोटी आहे.”

“काय म्हनती ती?” आत्यांनी मला विचारलं.

तेव्हाही मला काहीही सांगता आलं असतं. ताप उतरला म्हणते, पगार मागते, काहीही. त्या दोघींच्या मध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पण नामुली माझ्या तोंडाकडे रोखून बघत होती आणि आत्याही. मला काही सुचलंच नाही म्हणून मी खरं बोलले, चांगुलपणाने नव्हे.

“तिची आई वारली.”

“कवा?”

“भोगीच्या संध्याकाळी. संक्रांतीला माती झाली.”

दार वाजलं होतं, कुणी आलं होतं, मी काय सांगितलं होतं, हे सगळं आत्यांच्या चेहऱ्यावरून एकेक सरकताना मला दिसलं.

“माझ्यासाठनं थांबली हुती का माती?”

“हो.”

“किती येळ?”

“दोन तास.”

आत्या आत गेल्या, ट्रंक उघडली. दिरांनी येताना घेऊन दिलेलं इरकली लुगडं त्यांनी बाहेर काढलं, घडीही मोडलेली नव्हती त्याची. आमच्याकडेही बाई गेली की माहेरचं लुगडं यावं लागतं, तोवर तिला उचलत नाहीत. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

नामुली पुढे, तिच्या मागे आत्या आणि मागून मी. मला कुणी चल म्हटलं नव्हतं. केळीच्या बागेत घरामागे ताजी माती उंच केलेली होती. वीसेक माणसं बसली होती. त्यांनी आत्यांना पाहिलं आणि कुणी उठलं नाही, कुणी जाज्जा म्हणालं नाही. फक्त वासवाने एक चटई आणून टाकली आणि बाजूला झाला.

आत्यांनी लुगडं त्या मातीवर घातलं, चारी टोकं हाताने सारखी केली. मग नामुलीपुढे गेल्या आणि माझी ती बहात्तर वर्षांची सासू दोन्ही गुडघे टेकून तिच्यासमोर बसली.

“चुकलं बाई माझं,” त्या म्हणाल्या. “कळलं हुतं मला, पर यायला जमलं न्हाई. माझाच गुन्हा हाय.” आणि मान न वळवता मला म्हणाल्या, “सांग तिला, शैला.”

मी सांगितलं. शब्दाला शब्द लावून सांगितलं, एकही गाळला नाही. मी नालायक होते, पण भाषांतर चोख करत होते. नामुलीने सगळं ऐकलं, पण ती आत्यांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग तिने आत्यांना दंडाला धरून उठवलं आणि चटईवर बसवलं. माझ्यासाठी चटई नव्हती. मी उभी होते.

परत येताना अर्ध्या वाटेत आत्या थांबल्या. धाप लागली होती.

“शैला, माझ्या मातीला तू येऊ नगंस.”

“आत्या, असं काय बोलता?”

“रागानं न्हाई बोलत. तू येनार म्हून चार मानसं माझ्या उशाला थांबून ऱ्हातील, रस्त्याकडं बघत बसतील. त्ये नगं मला. जल्दी न्यावं.” पदराने तोंड पुसून त्या पुढे चालायला लागल्या. घरी आल्यावर मला म्हणाल्या, “आमटीला काय टाकू, चिंच का कोकम?”

नामुली परत कामाला आली नाही. मंडळात मी सांगितलं, शेफारली होती, काढून टाकली. सगळ्यांनी पसंतीच्या माना हलवल्या. दप्तरदारबाई म्हणाल्या, अगं, बरं केलंस. त्या दिवशी त्या मला पहिल्यांदा अगं म्हणाल्या. मार्चमध्ये करार तीन वर्षांनी वाढला. आणखी तीन वर्षं चड्ड्यांना इस्त्री करायचा हक्क मी असा मिळवला. एप्रिलमध्ये आत्या इस्लामपूरला परत गेल्या. ह्यांना त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. मीही नाही.

त्यानंतर नऊ वर्षांनी आम्ही कायमचे परत येऊन पुण्यात राहत होतो. आत्या आजारी म्हणून हे आधीच इस्लामपूरला गेले होते. सकाळी दहा वाजता दिरांचा फोन आला.

“वहिनी, आई गेली. तुम्ही लगेच निघा. पुण्याहून चार तास. दोन-अडीचपर्यंत पोचाल ना? थोरली सून आल्याशिवाय उचलायचं नाही म्हणतायत सगळी. आम्ही थांबवतो.”

माझी साडी नेसून झालेली होती. पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती, दोन दिवसांपासून.

“थांबवू नका,” मी म्हटलं.

“अहो वहिनी, असं कसं? लोक काय म्हणतील? चार तासांचा तर प्रश्न आहे.”

“थांबवू नका, भाऊजी. मी येत नाही. लवकर न्या त्यांना.”

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. इस्लामपुरात अजून माझ्या नावाने बोटं मोडतात, भावकीत मला कुणी उंबऱ्यात उभं करत नाही, आणि ह्यांनी त्यानंतर माझ्याशी जेवणापुरतंही बोलणं ठेवलं नाही. पण आत्यांचं मी आयुष्यात एवढं एकच ऐकलं.